मुलाची बदली आणि ग्रीन कार्डाचा नंबर

वाचकाचं पत्र

ताई, मी वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. राहायला त्रिमूर्तीनगरात. मुलगा २०१३ पासून अमेरिकेत, न्यू जर्सीत एडिसनला आहे. सूनबाईही तिथे नोकरी करते. नातू इथून गेला तेव्हा वर्षाचा होता, आता तेरा वर्षांचा झाला. कंपनीने २०१६ मध्ये ग्रीन कार्डाचं काम सुरू केलं. २०१७ च्या मार्चमध्ये आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर झालं तेव्हा आम्ही घरोघरी संत्रा बर्फी वाटली होती. आता कंपनी एडिसनचं ऑफिस बंद करून सगळ्यांना टेक्सासमध्ये डलासला हलवते आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ग्रीन कार्डाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." त्यानंतर तो या विषयावर बोलतच नाही. अंबाझरीला सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ सांगतात, त्यांच्या पुतण्याचा नंबर असाच गेला. माझ्या नोकरीत चार बदल्या झाल्या, उमरेड, वणी, बल्लारपूर, पुन्हा नागपूर. एकदाही ज्येष्ठता गेली नाही. मग याची इतकी वर्षं पाण्यात कशी जातात? त्याने डलासला जावं की न्यू जर्सीतच दुसरी नोकरी बघावी? की मी त्याला सरळ परत ये म्हणू? हिची झोप उडाली आहे, म्हणून लिहितो आहे.

उत्तर

नमस्कार काका,

आधी काकूंना सांगा, नंबर गेलेला नाही. तुम्ही कळवलेल्या तारखा बरोबर असतील तर मुलाची रांगेतली जागा जिथे होती तिथेच आहे, आणि डलासला गेल्याने ती हलणार नाही. मुलगाही खोटं बोललेला नाही. बरंच काम खरोखर पहिल्यापासून करावं लागणार आहे. पण काम नव्याने करणं आणि नंबर नव्याने लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरातली काळजी या दोन्ही एक धरल्यामुळे वाढली आहे.

तुम्ही ज्येष्ठतेचं उदाहरण दिलंत ते फार नेमकं आहे, तेच पुढे नेते. ग्रीन कार्डाच्या रांगेत ज्येष्ठता ठरते ती प्रायॉरिटी डेटने. कंपनीने मुलासाठी तिथल्या कामगार खात्याकडे लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे ज्याला सगळे 'पर्म' म्हणतात त्याचा अर्ज ज्या दिवशी दाखल केला, तो दिवस म्हणजे त्याची प्रायॉरिटी डेट. तुमच्या मुलाची २०१६ मधली. पर्म मंजूर झाल्यावर कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० भरलं, आणि ते मंजूर झालं त्या दिवशी ही तारीख मुलाच्या नावावर पक्की झाली. त्यानंतर कंपनी बदलली, शहर बदललं, अगदी हुद्दा बदलला तरी पुढच्या आय-१४० ला हीच जुनी तारीख लावून मागता येते. ती जाते फक्त काही ठरावीक कारणांनी: अर्जात फसवणूक किंवा जाणूनबुजून खोटी माहिती निघाली, पर्मच रद्द झालं, किंवा मंजुरी देताना खात्याचीच मोठी चूक झाली होती असं ठरलं, तर. कंपनीचं ऑफिस हलणं या यादीत कुठेही नाही.

मग फिरायला येणाऱ्या गृहस्थांच्या पुतण्याचं काय झालं? त्यांची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, पण नंबर खरोखर जातो अशी एक परिस्थिती असते आणि ती मी अनेकदा पाहिली आहे. पर्म मंजूर झालं, पण आय-१४० मंजूर व्हायच्या आधीच नोकरीचं गाव बदललं, तर पक्कं असं काहीच झालेलं नसतं. शिवाय मंजूर पर्मची मुदत १८० दिवसांची असते. तेवढ्यात आय-१४० भरलं नाही तर तो कागद बाद होतो आणि तारीखही जाते. तुमच्या मुलाने हा टप्पा २०१७ मध्येच ओलांडला. त्यामुळे ती गोष्ट ऐकून घ्या, पण आपल्या घराला लावू नका.

आता नव्याने काय करावं लागतं आणि का, ते सांगते. बदली झाली की कागद का बदलतो, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

वेकोलिने तुम्हाला उमरेडहून वणीला पाठवलं तेव्हा कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. पर्मचं सगळं काम मात्र सिद्ध करण्याचंच असतं. कंपनीला कामगार खात्यापुढे दाखवावं लागतं की या कामासाठी, या भागात, या भागाच्या चालू दराने पगार देऊनही, पात्र आणि तयार असा अमेरिकी माणूस आम्हाला मिळाला नाही. त्यासाठी त्या भागातल्या वर्तमानपत्रात दोन रविवारी जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवस जागा नोंदवून ठेवावी लागते, ऑफिसात सलग दहा कामाचे दिवस नोटीस लावावी लागते, आणि पगाराचा दर त्या भागाप्रमाणे सरकारकडून ठरवून घ्यावा लागतो. हिंगण्याच्या कारखान्यातली जागा भरायची तर आपण नागपूरच्या पेपरात जाहिरात देऊ. ती जाहिरात दाखवून पुण्यात माणूस मिळाला नाही असं म्हणता येणार नाही. तसंच एडिसनच्या जाहिरातीवरून डलासमध्ये कुणी मिळालं नाही हे ठरत नाही. म्हणून पर्म तीन गोष्टींना बांधलेलं असतं: ते काम, तो माणूस आणि तो भाग.

भाग म्हणजे तीच इमारत असं नाही. रोज घरून जाऊन-येऊन करता येईल एवढा परिसर त्यात धरतात, आणि एकाच महानगर क्षेत्रातली ठिकाणं एकाच भागातली मानतात. एडिसन हे न्यूयॉर्क-नेवार्क-जर्सी सिटीच्या महानगर क्षेत्रात येतं. कंपनी नेवार्कला किंवा थेट मॅनहॅटनला हलली असती तर जुन्या पर्मला सहसा धक्का लागला नसता. नागपुरातल्या नागपुरात हिंगण्याहून मिहानला गेल्यासारखंच ते. डलास दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, दुसऱ्या राज्यात. तिथे जुनं पर्म चालत नाही.

यात एक बारकावा आहे. ग्रीन कार्ड मिळतं ते उद्याच्या नोकरीसाठी. आज माणूस कुठे बसतो याला त्यात तेवढं महत्त्व नाही. कंपनीचं एडिसनचं ऑफिस चालू राहणार असतं आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर मुलाला तिथेच परत घेण्याचा कंपनीचा प्रामाणिक इरादा असता, तर जुनं पर्मही उभं राहिलं असतं. तुमच्या बाबतीत ऑफिसच बंद होतंय, त्यामुळे हा रस्ता मोकळा नाही. कुणी सहकारी त्याला "काही करू नकोस, जुनंच चालेल" असं म्हणाला, तर त्या सहकाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते हे त्याच्या लक्षात असू द्या.

काका, घाई आहे ती दुसऱ्याच एका कागदाची. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. तो म्हणजे एच-१बी, मुलाचा आजचा काम करण्याचा परवाना. तोही ठिकाणाला बांधलेला असतो. २०१५ मध्ये सिमियो सोल्युशन्स या प्रकरणात तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने स्पष्ट केलं की कामाची जागा महानगर क्षेत्राबाहेर गेली तर कंपनीने सुधारित एच-१बी अर्ज भरलाच पाहिजे, आणि तो माणूस नव्या जागी कामाला बसायच्या आधी भरला पाहिजे. अर्ज नीट दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता तिथे काम सुरू करता येतं. पण दाखल व्हायच्या आधी नाही. थोड्या दिवसांच्या कामासाठी सवलत आहे, साधारणपणे वर्षाला ३० दिवसांची. मुक्काम हलवून कायमचं जाण्यासाठी तिचा उपयोग नाही.

हे मी एवढ्या ठासून सांगते, कारण आमच्या घराने ते भोगलं आहे. मी अकरा वर्षं तिथे होते, त्यातली सात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात. हेच कागद हाताखालून जायचे. २०१६ मध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याची टीम ओहायोतल्या कोलंबसहून नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला नेली. सामान पोचलं, मुलीची शाळा सुरू झाली, मी माझ्या नव्या नोकरीत अडकले. त्याच्या नव्या ऑफिसात भिंतीवर नोटीस लागली का, हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही. एच-१बीच्या वेळी कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी ती लावावी लागते. आमच्या ऑफिसात ती पँट्रीत मायक्रोवेव्हच्या शेजारी असायची. साधा कागद, त्यावर हुद्दा, ठिकाण आणि पगाराचा आकडा, आणि डबा गरम होईपर्यंत सगळे तो वाचत उभे. त्याच्या नव्या ऑफिसात असा कागद लागलाच नव्हता, कारण सुधारित अर्ज कुणी भरलाच नव्हता. हे पाच महिन्यांनी कळलं, मुदतवाढ मागताना. अर्ज मंजूर झाला, पण तिथे राहण्याची मुदत वाढवून मिळाली नाही. बाहेर जा, नव्याने व्हिसाचा शिक्का घ्या आणि परत या, असं सांगितलं.

तो मे महिन्यात नागपूरला आला. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन बांद्र्याच्या वकिलातीत मुलाखत दिली आणि परत आला. मग पासपोर्टची वाट बघत सात आठवडे. सासूबाई सांगतात, दुपारभर तो कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि दर दहा मिनिटांनी तेच पान उघडायचा. तिकडे मी आणि सहा वर्षांची मुलगी. ती रोज विचारायची, बाबा आज येणार का. चूक एका अर्जाची होती, आणि तो भरणं कंपनीचं काम होतं. पण कंपनीतल्या कुणाची झोप गेली नाही, आमची गेली. म्हणून मुलाला हे नक्की सांगा: सुधारित अर्जाची पावती हातात आल्याशिवाय डलासच्या ऑफिसात बसायचं नाही. कंपनीचा वकील "भरतोय, भरतोय" म्हणाला तरी नाही. पावतीवर नंबर असतो, तो मागून घ्यायचा.

आता डलास की न्यू जर्सीतच दुसरी नोकरी. समजा त्याने एडिसनजवळ दुसरी कंपनी शोधली. ती कंपनीही त्याच्यासाठी नवं पर्म करणार, नवं आय-१४० भरणार आणि त्यावर २०१६ ची जुनी तारीख मागणार. डलासला गेला तर हीच कंपनी तेच सगळं करणार. दोन्हीकडे काम तेवढंच आणि नंबर तोच. म्हणजे हा निर्णय ग्रीन कार्डाकडे बघून घ्यायचाच नाही. तो घेताना सूनबाईंची नोकरी बघायची, नातवाची शाळा बघायची, घरभाडं आणि पगार बघायचा. डलासला नेताना पगार कमी करणार का, हे त्याला आजच विचारू द्या. त्या भागाच्या ठरलेल्या दराखाली कंपनीला जाता येत नाही, पण आत्ताच्या पगाराखाली जाता येतं.

सूनबाईंविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. ती बहुधा एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मिळणाऱ्या परवान्यावर काम करत असेल. जोडीदाराचं आय-१४० मंजूर असेल तर तो परवाना मिळतो, २०१५ पासून ही सोय आहे. तिचा परवाना कुठल्या कंपनीला किंवा शहराला बांधलेला नसतो, त्यामुळे डलासला ती कायद्याने लगेच काम करू शकते. मनासारखं काम मिळेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो तिला कुणी विचारला आहे का, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं नाही. मुलगा गप्प आहे त्याचं एक कारण हेही असू शकतं.

मुलगा मनातून आणखी एका गोष्टीला घाबरत असेल. आपण डलासला यायला नाही म्हटलं तर कंपनी चिडून जुनं आय-१४० मागे घेईल का? घेऊ शकते. पण जानेवारी २०१७ पासून नियम असा आहे की मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर कंपनीने ते मागे घेतल्याने मंजुरी आपोआप रद्द होत नाही. त्याच्या जोरावर सहा वर्षांपलीकडची एच-१बी मुदतवाढ चालू राहते आणि तारीखही राहते. तुमच्या मुलाच्या मंजुरीला आठ वर्षांहून जास्त झाली. तेव्हा या भीतीपोटी त्याने कुठल्याही कागदावर सही करू नये. आणि डलासच्या नव्या पर्मचा खर्च तू दे, असं कुणी म्हणालं तर तेही मान्य करू नये. २००७ पासून पर्मच्या वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून तो घ्यायला मनाई आहे.

दुसरीकडे गेला आणि मध्ये नोकरी सुटली, तर एच-१बीवरच्या माणसाला सावरायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून न्यू जर्सीत शोधायचं तर ऑफिस बंद व्हायच्या आधी, हातची नोकरी असतानाच शोधायचं.

डलासला जायचं ठरलं तर नवं पर्म कधी सुरू करणार हे कंपनीकडून लेखी घ्यावं. पगाराचा दर ठरवून घेण्यापासून पर्म हातात येईपर्यंत अलीकडे दीड-दोन वर्षं सहज जातात. पर्म दाखल करण्याआधीच्या सहा महिन्यांत त्याच भागात, त्याच प्रकारच्या कामावरून कंपनीने माणसं कमी केली असतील, तर त्या लोकांना आधी विचारावं लागतं आणि काम लांबतं. अजून एक तपासायला सांगा. आता तो जुन्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर असेल. नव्या पर्मसाठी या कंपनीत मिळवलेला अनुभव सहसा धरत नाहीत, काम आधीच्यापेक्षा बरंच वेगळं असल्याशिवाय. त्यामुळे पदाचं वर्णन लिहिताना वकिलासोबत त्याने स्वतः बसावं, ते कुणावर सोपवू नये.

रांग इतकी लांब का, हेही तुमच्या मनात असेलच. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायका-मुलं धरलेली, आणि एका देशाला त्यातला सात टक्के वाटा. आपल्याकडचे अर्जदार प्रचंड, म्हणून दहा-बारा वर्षं थांबूनही पाळी येत नाही. यात तुमच्या मुलाचा काही दोष नाही. पण नातवाचं वय मात्र डोळ्यांसमोर ठेवायला हवं. तो २१ चा झाला की आई-वडिलांच्या अर्जावरून त्याला ग्रीन कार्ड मिळणं अवघड होतं. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होतं तेवढे दिवस त्याच्या वयातून वजा होतात, पण ती सवलत थोड्याच दिवसांची. आठ वर्षं हातात आहेत. म्हणून नवं पर्म "नंतर बघू" म्हणत पुढे ढकलू नये. तारीख जवळ येईल तेव्हा नवं आय-१४० तयार असलं पाहिजे.

आणि पाळी आलीच, ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज म्हणजे आय-४८५ भरून १८० दिवस झाले, की ही ठिकाणाची कटकट सुटते. मग त्याच किंवा तशाच प्रकारचं काम असेल तर कुठलीही कंपनी, कुठलंही शहर चालतं. ही सवलत २००० सालच्या कायद्याने दिली. तिथे पोचेपर्यंत एक-दोनदा असं नव्याने करावं लागणं फार जणांच्या वाट्याला येतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परत ये म्हणू का. काका, म्हणा. तुम्हाला आणि काकूंना तो जवळ हवा असेल तर ते त्याला जरूर सांगा, मुलांनाही ते ऐकायचं असतं. पण "ग्रीन कार्ड गेलंच आहे, तर ये" असं म्हणू नका. ते गेलेलं नाही, आणि चुकीच्या कारणाने घेतलेला निर्णय त्याला पुढे सलत राहील. नागपूरला येऊन राहिला तरी २०१६ ची तारीख त्याच्या नावावर राहते. उद्या कुठल्या कंपनीने नव्याने त्याच्यासाठी अर्ज केला, तर मुंबईच्या वकिलातीतूनही ते काम होऊ शकतं. म्हणजे येणं म्हणजे सगळे दोर कापणं असं होत नाही. आल्यावर इथे काय करणार, नातू दहावीच्या तोंडावर मराठी-हिंदीशी कसं जुळवून घेणार, हे बोलायला लागेल. ते त्याच्याशी मोकळेपणी बोला, सल्ला देण्याआधी विचारून.

आज रात्री एवढं करा. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे त्याच्याकडे सकाळ असते, तेव्हा फोन लावा आणि नंबराचं काहीच न विचारता म्हणा, "आय-१४० च्या मंजुरीचा कागद मला पाठव." आय-७९७ नावाची एका पानाची नोटीस असते. कित्येक कंपन्या ती कर्मचाऱ्याला देतच नाहीत, वकिलाच्या फायलीत पडून असते. त्याच्याकडे नसेल तर त्याने आधी वकिलाकडे लेखी मागावी. तरीही मिळाली नाही तर तिथे आपल्या माहितीच्या अधिकारासारखा १९६६ चा कायदा आहे, त्याखाली इमिग्रेशन खात्याकडून आपल्या फायलीची प्रत मागवता येते. ऑफिस बंद होऊन लोक पांगायच्या आत हे व्हायला हवं. नंतर वकील बदलतात आणि पत्रांना उत्तरं येत नाहीत. कागद आला की वरच्या भागात 'प्रायॉरिटी डेट' असा चौकोन शोधा. त्यात २०१६ ची तारीख दिसेल. काकूंना ती स्वतः वाचू द्या, आणि त्याची छापील प्रत काढून तुमच्या बदल्यांच्या आदेशांच्या फायलीत लावून ठेवा.